हुंडी, खत आणि पत : जुन्या व्यापारी कागदांची कहाणी
(श्रीमंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त व्याख्यान)



मंदिराच्या मंडपात व्यापाराच्या कागदांविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु हुंडीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आपल्याकडे कीर्तनातूनच सांगितली जाते. जुनागडचे नरसी मेहता हे निर्धन भक्त. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंनी त्यांच्यापाशी सातशे रुपये ठेवून हुंडी मागितली. मेहत्यांची द्वारकेत ना पेढी, ना ओळख. त्यांनी भगवंतालाच सावकार समजून शामळशहा शेटच्या नावाने हुंडी लिहिली, आणि भगवंताने शेटजीचे रूप घेऊन ती पटविली, अशी ही कथा आहे. नरसी मेहत्यांचे चरित्र महिपतींनी ‘भक्तविजय’ ग्रंथात गायिले आणि ते महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. या कथेत भक्तीची थोरवी तर आहेच. पण व्यवहाराचेही एक मर्म आहे. हुंडीचा कागद दोन पैशांचा असतो. त्याचे मोल लिहिणाराच्या आणि पटविणाराच्या नावावर ठरते. या नावालाच आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी ‘पत’ म्हटले आहे.

आज जुनी नाणी, जुन्या नोटा व जुनी तिकिटे जमविण्याचा छंद पुष्कळांना आहे. त्याच जोडीने जुन्या हुंड्या, रोखे, खते, पेढ्यांच्या चिठ्ठ्या व चोपडे जमविणारेही आता वाढले आहेत. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारांत असे कागद विक्रीस येतात. ते कोठून येतात? खेड्यापाड्यांतील पडक्या वाड्यांच्या माळ्यावरून, लाकडी पेट्यांतून आणि रद्दीच्या गाठोड्यांतून. म्हणजे ज्याला शहरात काचेच्या चौकटीत बसवितात, ते गावाने किलोच्या भावाने विकलेले असते. सबब हे कागद काय आहेत, याची माहिती प्रथम गावाला असणे अगत्याचे आहे.

हुंडीची गरज का पडली, हे वऱ्हाडाच्याच उदाहरणावरून पाहू. वऱ्हाडचा कापूस मुंबईस पाठविण्याचा पहिला मोठा उद्योग १८२५-२६ साली विकाजी व पेस्टनजी या पारशी व्यापाऱ्यांनी केला, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. सुमारे पाचशे बैलांवर १,२०,००० पौंड कापूस लादून नेला आणि त्याची किंमत २५,००० रुपये झाली. बैलामागे २४० पौंड, म्हणजे जवळजवळ तीन मण ओझे. आता हीच रक्कम रोखीने परत आणावयाची तर काय होईल? पुढे १८३५ पासून कंपनीच्या मुलखात एक तोळ्याचा रुपया चालू झाला. त्या हिशेबाने २५,००० रुपये म्हणजे २५,००० तोळे चांदी. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण धरला, तर हे ओझे पावणेआठ मणांहून अधिक भरते. आजच्या मापाने सुमारे २९० किलो. तीन बैल नुसत्या रुपयांचे! वाटेत घाट, जंगल, नद्यांचे उतार, आणि चोर-दरोडेखोर व ठग यांचे भय. त्याऐवजी मुंबईच्या पेढीवर रक्कम भरावी, वीतभर कागद पागोट्यात खोवावा आणि आपल्या मुलखात येऊन पैसे घ्यावेत, हे सोयीचे नव्हे काय?

शिवाय रुपयाही एकाच जातीचा नव्हता. निजामाच्या राज्यातील सिक्के वेगळे, नागपूरकर भोसल्यांचे वेगळे, कंपनीचा कलदार वेगळा. वर सांगितलेल्या पेस्टनजींकडे औरंगाबादची टांकसाळ होती व तेथे पाडलेल्या रुपयाला लोक ‘पेस्टनशाही’ म्हणत. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालविताना सराफ बट्टा कापून घेई. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो, त्यातला बट्टा हाच. ज्या नाण्याला बट्टा लागत नाही ते खरे, आणि ज्या नावाला बट्टा लागत नाही ते पतीचे. एका ठिकाणचा पैसा दुसऱ्या ठिकाणी देण्याबद्दल पेढी जो दर घेई त्याला हुंडणावळ म्हणत.

हुंडीचा मजकूर ठरलेल्या साच्याचा असे. नमुन्यादाखल असा : “सिद्धश्री मुंबई शुभस्थाने राजश्री अमुक शेट यांसी मलकापुराहून अमुक यांचा नमस्कार. विशेष. तुम्हांवर हुंडी केली रुपये ५००, अक्षरी पाचशे, निमे अडीचशे, त्यांची दुप्पट पुरे देणे. येथे अमुक यांचे ठेविले. मिती अमुकपासून अमुक दिवसांनी शहाजोग, ठिकाण चौकशी करून, चलनी रुपये देणे.” रक्कम आकड्यात, अक्षरात आणि पुन्हा निम्मी सांगून दुप्पट, अशी तीनदा लिहिण्याचे कारण उघड आहे. कोणी ५०० च्या पुढे एक शून्य वाढविले, तरी निमे अडीचशे त्याला पकडून देत. आजच्या चेकवर रक्कम आकड्यात व अक्षरात लिहितात. जुने सावकार त्याही पुढे एक पाऊल होते.

हुंड्यांचे प्रकार पुष्कळ. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी. ठराविक दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. ज्याचे नाव लिहिले त्यालाच मिळेल ती नामजोग. शहाजोग म्हणजे बाजारात शहा म्हणून मान्यता असलेल्या प्रतिष्ठित माणसाच्या हातीच रक्कम पडेल अशी. चोराच्या हाती शहाजोग हुंडी लागली तरी त्याला कोणी पतीचा मनुष्य हमीस उभा केल्याशिवाय पैसे मिळत नसत. जोखमी हुंडी गलबतावरील मालावर लिहीत. माल सुखरूप पोहोचला तरच ती देय होई. म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदात.

हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून देत. पेठही हरवली तर ‘परपेठ’, आणि तीही गेली तर बाजारच्या पंचांच्या साक्षीने ‘मेजर’. चुकती झालेली हुंडी म्हणजे ‘खोखा’. ती पेढीवर पुरावा म्हणून जपून ठेवीत. आज माळ्यावर ज्या हुंड्या सापडतात त्या बहुतेक अशा चुकत्या झालेल्याच असतात. हुंडी स्वीकारली म्हणजे ‘सकारली’, परत पाठविली म्हणजे ‘नाकारली’. हुंडी नाकारली जाणे ही पेढीची मोठी नामुष्की. दिवाळे निघालेला सावकार भर दिवसा पेढीवर दिवा लावी आणि त्यावरून ‘दिवाळे’ शब्द आला, असे सांगतात.

या कागदांनी केवळ पैशाचीच ने-आण केली असे नाही. पानिपतचे भीषण वर्तमान जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना कळले ते एका सावकारी पत्रावरून, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यात मृतांची नावे नव्हती. मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये व खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा आशयाची सावकारी भाषा होती. परंतु वाचणाराला सर्व समजले.

आता कागदी नोटांचे नाते पाहू. जगातील पहिले कागदी चलन चीनमध्ये निघाले, तेही व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्यांतूनच. शेच्वान प्रांतातील व्यापारी लोखंडी नाण्यांचे ओझे टाळण्यासाठी ठेवीच्या पावत्या देत. अकराव्या शतकात सरकारने तो हक्क आपल्याकडे घेतला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले. लोकांनी सुटी नाणी दडवून ठेविली, तेव्हा तेथील दुकानदारांनी आपापल्या नावाच्या छापील चिठ्ठ्या सुट्या पैशांऐवजी दिल्या. त्यांचा सुळसुळाट झाल्यावर १८६२ साली तेथील सरकारने एक डॉलरखालच्या खासगी चिठ्ठ्यांस बंदी केली. याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आपल्या कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडात काळी जमीन सोन्याच्या मोलाची झाली. १८६७ पर्यंत रेल्वे नागपुरास पोहोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले व तेथील रेल्वेफाटा आणि कापूसबाजार खुला झाला. मलकापूर, नांदुरा, खामगाव या बाजारांत अडते, दलाल, मारवाडी, गुजराती, कच्छी पेढ्या गजबजल्या, आणि कापसाच्या गाठींबरोबर हुंड्याही फिरू लागल्या.

हिंदुस्थानात १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला. आरंभीच्या नोटा साऱ्या देशात चालत नसत. ज्या केंद्राची नोट, त्याच हद्दीत ती कायदेशीर. या व्यवस्थेत आपल्या वऱ्हाडातील अकोला हेही एक उपकेंद्र होते आणि ‘अकोला’ नावाच्या नोटा निघाल्या होत्या. त्या आज संग्राहकांत अतिशय दुर्मिळ गणल्या जातात. त्या काळी टपालाने नोट पाठविताना तिचे दोन तुकडे करून एक आधी व दुसरा पोच आल्यावर पाठवीत. सरकारी नोट आली तरी हुंडीची सावधगिरी लोक विसरले नव्हते.

१८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यानेही देशी भाषेतील हुंडीबाबत स्थानिक रूढी कायम ठेविली. मुदती हुंडीस सरकारी मुद्रांकाचा कागद लागे, म्हणून पुष्कळ हुंड्यांच्या माथ्यावर राणीचे अथवा राजाचे चित्र दिसते. १८८० साली टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली, पुढे बँका आल्या, आणि हुंडीचे राज्य हळूहळू संपले. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याने तर मागताक्षणी धारकास पैसे देण्याचे वचन असलेला कागद खासगी माणसाने काढणे स्पष्टपणे मना केले. तरी अडचणीच्या काळी चिठ्ठी पुन्हा डोके वर काढतेच. दुसऱ्या महायुद्धात सुट्या नाण्यांचा तुटवडा पडला तेव्हा मोरवी, जुनागड, बुंदी अशा संस्थानांनी पैसा-आण्याची कागदी कुपने काढली. पुढेही दुकानदाराने सुट्याऐवजी पेपरमिंटच्या गोळ्या द्याव्यात आणि एस.टी.च्या कंडक्टरने तिकिटामागे बाकी पैसे लिहून द्यावेत, हा अनुभव कोणास नाही? तिकिटामागचा तो आकडा म्हणजे लहानशी दर्शनी हुंडीच होय.

येथवर पतीची उजळ बाजू झाली. परंतु पेटीत हुंडीच्या शेजारीच दुसरा कागद असतो, तो म्हणजे कर्जाचे खत. हुंडी ही बरोबरीच्या दोघांतील. खत हे गरजू आणि सावकार यांतील. हुंडी लिहिणाराला अक्षर येत होते. खत लिहून देणाराला बहुधा येत नव्हते. त्याने आपली खूण केली. पाटलाची-कुणब्याची निशाणी नांगर, स्त्रीची बांगडी, पुढे पुढे सर्वांचाच अंगठा. आपण कशाखाली अंगठा देतो हे किती जणांस कळले असेल? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले व ते लोण पुणे-नगर भागात पसरले. त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खते व चोपडे हाती येताच त्यांची होळी झाली. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे बहुधा त्याच्या जिवास धक्का लागला नाही. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ साली कर्जनिवारणासाठी कर्ज-समेट कायदा झाला.

आणि याहून जुने उदाहरण देहूचे. तुकाराम महाराजांच्या घरी महाजनकी होती. लोकांकडील येण्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. मात्र धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची खते त्यांना दिली, आपल्याच वाट्याची सोडली, असे चरित्रकार सांगतात. दुसऱ्याचा हक्क राखून आपले सोडणे हा व्यवहार आणि परमार्थ यांचा सुंदर मेळ होय.

म्हणून पुष्कळ घरांत हे कागद दाखविण्याचा संकोच असतो. सावकारी केलेल्या घरास वाटते, लोक नावे ठेवतील. कर्ज काढलेल्या घरास वाटते, आजोबांची गरिबी चव्हाट्यावर येईल. मग मुकाट्याने पेटी रद्दीत जाते किंवा चुलीत. हा संकोच समजण्यासारखा आहे, पण त्याचे कारण आता उरलेले नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या खताची मुदत केव्हाच संपली. त्यावरून आज कोणी कोणाकडे मागू शकत नाही. ज्या घराने दिले आणि ज्या घराने घेतले, त्या दोन्ही घरांची नातवंडे आज याच मंडपात शेजारी बसून एकाच सभामंडपासाठी वर्गणी देत आहेत. दुष्काळी सालात बियाण्यासाठी किती कर्ज काढावे लागले, व्याजाचा दर काय होता, कोणते दागिने गहाण पडले, बैलजोडी केवढ्याला मिळे, हे सांगणारा दुसरा साक्षीदार गावात नाही. राजांचा इतिहास बखरींत आहे. शेतकऱ्याचा इतिहास या खतांतच आहे. ती जाळली तर त्याच्या कष्टाची नोंदच पुसली जाईल.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून असेच कागद गोळा केले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. आपल्या बुलढाण्याचे यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणेशास्त्राची संस्था कार्य करीत आहे, आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेने २००४ साली उघडलेल्या संग्रहालयात हुंड्यांनाही मानाचे स्थान आहे.

आता घरी असे कागद निघाल्यास काय करावे, त्याचा तपशील थोडक्यात असा. गठ्ठा सोडून कागद विस्कटू नयेत. एका रुमालात बांधलेले कागद एकमेकांचे साक्षीदार असतात. चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये दाबून घेऊ नये. स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावेत. हुंडीवरील मुद्रांक सुंदर दिसतो म्हणून तो कापून घेऊ नये. मोबाइलवर प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे, कारण पाठीमागच्या शेऱ्यांतच हुंडी कोणाकोणाच्या हातून गेली ते कळते. साल वाचताना घोटाळा होतो : शालिवाहन शकात ७८ मिळवावेत, मारवाडी-गुजराती पेढ्यांच्या विक्रम संवतातून ५७ वजा करावेत, आणि फसली सालात ५९० मिळवावेत, म्हणजे इसवी सन साधारणपणे निघतो. शेतजमिनीचे कागद मात्र निराळे काढून जपून ठेवावेत. त्यांची गरज आजही पडते.

लिपी मोडी असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावी. महाजनी लिपीत तर काना-मात्रा नसतात. ‘शेटजी अजमेर गये, बडी बही भेज दो’ हे पत्र कोणी ‘शेटजी आज मर गये, बडी बहू भेज दो’ असे वाचले आणि घरात रडारड झाली, हा विनोद पेढ्यांवर फार जुना आहे. तेव्हा अंदाजाने वाचून कोणाच्या घराविषयी निष्कर्ष काढू नये. विकावयाचेच झाले तर आधी प्रती काढून ठेवाव्यात. पंचाहत्तर वर्षांहून जुना ऐतिहासिक दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतो व तो परवानगीविना देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असावे.

दक्षिणेत तिरुपतीस देवापुढील दानपेटीलाच ‘हुंडी’ म्हणतात. या जीर्णोद्धारासाठी कोणी मुंबई-पुण्याहून मोबाइलवरून क्षणात पैसे पाठविले, कोणी पोत्याने धान्य दिले, कोणी मजुरी दिली. प्रत्येकास समितीने पावती दिली आहे. शंभर वर्षांनी ही पावतीही जुना कागद होईल आणि कोणीतरी ती वाचून म्हणेल की, या गावाची पत चांगली होती. तेव्हा समितीस व ग्रामस्थांस एवढीच विनंती की, देणगीदारांच्या यादीशेजारी आणखी एक वही घालावी. गावातील कोणत्या घरी कोणते जुने कागद आहेत, त्यांची नोंद त्यात करावी. कागद ज्याचे त्याच्याच घरी राहोत. नोंद मात्र गावाची असो. मंदिराचे दगड पुन्हा बसविता येतात, हे आपण करून दाखविले आहे. जळालेला कागद पुन्हा लिहिता येत नाही.

॥ शुभं भवतु ॥